शाळा दूर गेली, म्हणून शिक्षणही दूरस्थ?

वाडी-वस्तीवरच्या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते. "आता मोबाईलवर सगळे आहे, शाळा लांब असली म्हणून काय बिघडले?" हे वाक्य अधिकाऱ्यांच्या सादरीकरणात असते, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर असते आणि आपल्याच समाजातल्या, शिकून शहरात स्थिरावलेल्या मंडळींच्या तोंडीही असते. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण या एका वाक्याच्या आधारावर उद्या गावातली शाळा बंद होणार असेल, तर ते नीट तपासून घ्यावे लागेल. कारण बंद होणाऱ्या शाळेत बसलेली मुले मोठ्या प्रमाणात आपली आहेत: बौद्ध वस्तीतली, तांड्यावरची, पाड्यावरची, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांतली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दूरस्थ शिक्षणाला आमचा सरसकट विरोध नाही. १९८५ साली सुरू झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी आपल्या समाजातल्या असंख्य कामगारांना, अंगणवाडी सेविकांना, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या भगिनींना पदवीपर्यंत नेले. ज्याला वाचता-लिहिता येते, ज्याला आपण का शिकतो हे कळते, अशा मोठ्या माणसाला पुस्तक घरी पाठवले तर तो शिकू शकतो. पण सहा ते चौदा वर्षांचे मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याला अक्षर ओळखण्यापासून सुरुवात करायची असते. त्याचे चुकले तर त्याच क्षणी सांगणारे कुणीतरी जवळ लागते. म्हणून या लेखात प्रश्न आहे तो फक्त मुलांच्या दूरस्थ शिक्षणाचा, आणि तेही दुर्गम गावातल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या.

दूर म्हणजे किती दूर?

मुलांना घरबसल्या शिकवण्याचा जगातला सर्वात गाजलेला प्रयोग ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या ओसाड अंतर्भागात मेंढ्या-गुरांचे प्रचंड मोठे मळे आहेत. शेजारचे घर शंभर किलोमीटरवर असणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. अशा घरांतल्या मुलांसाठी १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्ज इथे रेडिओवरची शाळा सुरू झाली. फ्लाइंग डॉक्टर सेवेचे रेडिओ संच त्यासाठी वापरले गेले. शिक्षक स्टुडिओतून बोलायचे, मुले घरातून उत्तरे द्यायची. पुढे रेडिओची जागा उपग्रह आणि इंटरनेटने घेतली. ही शाळा आजही चालते आणि चांगली चालते.

ती का चालते, हे पाहण्यासारखे आहे. एक, प्रत्येक घरात मुलाजवळ बसणारी मोठी व्यक्ती असते. बहुतेक ठिकाणी आई, नाहीतर पगार देऊन ठेवलेली शिक्षिका. दोन, सरकार त्या कुटुंबाला पैसे देते. १९७३ पासून तिथे दुर्गम भागातल्या मुलांसाठी खास अर्थसाहाय्य योजना आहे, आणि योग्य शाळा घरापासून ५६ किलोमीटरपेक्षा लांब असणे हा तिच्या पात्रतेचा एक निकष आहे. तीन, शिक्षक मुलांच्या घरी भेटी देतात आणि वर्षातून काही वेळा मुलांना एकत्रही आणले जाते. म्हणजे जगातल्या यशस्वी दूरस्थ शाळेतही शिकवणारा माणूस मुलाच्या शेजारी बसलेलाच आहे. यंत्र फक्त अभ्यास पोहोचवते.

हेही विसरून चालणार नाही की ही व्यवस्था मुख्यतः गोऱ्या मळेवाल्या कुटुंबांच्या गरजेतून उभी राहिली. त्याच देशातल्या मूलनिवासी मुलांच्या वाट्याला आलेले शिक्षण वेगळे होते आणि त्याचा इतिहास वेदनादायक आहे. 'दुर्गम' हा शब्द सगळ्यांसाठी सारखा नसतो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात शाळेपासून ५६ किलोमीटर लांब असलेले गाव शोधून सापडणार नाही. आपल्याकडचे अंतर तीन, पाच, आठ किलोमीटरचे आहे. मध्ये एक ओढा असतो, जो पावसाळ्यात वाहतो. एक रस्ता असतो, जो गावापर्यंत येतो आणि वस्तीच्या अलीकडे थांबतो. एसटीची एक फेरी असते, जी शाळेच्या वेळेला नसते. आणि एक अंतर असे असते जे मोजपट्टीने मोजता येत नाही. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यातले. ही सगळी अंतरे निसर्गाने निर्माण केलेली नाहीत. पूल बांधला, रस्ता वस्तीपर्यंत नेला, बसची वेळ बदलली तर ती मिटतात. जे अंतर पुलाने मिटते, त्याच्यावर मोबाईलचे औषध कशासाठी?

परीक्षा एकदा होऊन गेली आहे

दूरस्थ शिक्षण आपल्या मुलांपर्यंत पोहोचते का, हे तपासण्यासाठी नव्या प्रयोगाची गरज नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. वीस महिन्यांचा हा काळ म्हणजे दूरस्थ शिक्षणाची देशव्यापी परीक्षा होती. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. दीक्षा अॅप आले, सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, शिक्षकांनी व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय पाठवले. अनेक शिक्षकांनी जीव ओतून काम केले. काही जण वस्तीवर जाऊन झाडाखाली, समाजमंदिरात मुले घेऊन बसले. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण निकाल काय लागला? ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमधील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती फक्त ८ टक्के. ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा आकडा पुढे आहे. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ४ टक्के, तर इतर ग्रामीण मुलांपैकी १५ टक्के. त्याच वस्त्या, तेच मोबाईल नेटवर्क, तेच अॅप. तरीही जवळपास चौपट फरक. ग्रामीण दलित-आदिवासी पालकांपैकी ९८ टक्के म्हणत होते की शाळा लवकरात लवकर उघडा. ज्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे सांगितले जाते, त्या पालकांचे हे मत आहे.

हा फरक का पडला, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने वाढले हे खरे. 'असर'च्या २०२१ च्या अहवालानुसार ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आला होता. पण त्याच अहवालाने सांगितले की फोन असलेल्या घरांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप मजुरीवर असतो. संध्याकाळी फोन घरी येतो, तेव्हा रिचार्ज संपलेला असतो. रिचार्ज असला तर आधी मुलाला मिळतो, मग मुलीला. तोपर्यंत मुलगी भाकरी थापायला बसलेली असते.

आणि फोन, रिचार्ज, नेटवर्क हे सगळे जमून आले तरी ऑस्ट्रेलियाच्या घरातली ती पहिली गोष्ट उरतेच. शेजारी बसून शिकवणारे मोठे माणूस. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या घरी ते कुठून आणायचे? ज्या आईला शाळेचे तोंड पाहू दिले गेले नाही, तिच्यावरच मुलाला शिकवण्याची जबाबदारी टाकायची आणि मूल मागे पडले की 'पालकांचे लक्ष नाही' म्हणायचे, हा कुठला न्याय?

वीसच्या आत

कोरोना गेला, पण त्या काळातली तात्पुरती सोय मात्र कायमची होऊ लागली. २०२० मध्ये प्रत्येक इयत्तेला एक अशा १२ शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या जाहीर झाल्या होत्या. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. वाहिन्या वाढण्यात काही वाईट नाही. पण त्याच काळात शाळांचे काय चालले आहे, ते शेजारी ठेवून पाहा.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे 'समूह शाळां'मध्ये रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या होती १४,७८३. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे एका शाळेत सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे केली गेली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने पट आणि शिक्षकसंख्या यांचे गणित आणखी कडक केले. हे केवळ आपल्याच राज्यात नाही. उत्तर प्रदेशने जून २०२५ मध्ये ५० पेक्षा कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला.

सरकारची बाजू समजून घेऊ. दोन शिक्षकांच्या शाळेत चार-पाच इयत्ता एकत्र बसतात. खेळायला सवंगडी नाहीत, ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही. मोठ्या शाळेत हे सगळे देता येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. 'यू-डायस'च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी आहेत, त्यांतल्या ८,१५२ महाराष्ट्रात. एकच गुरुजी पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम आणि चार इयत्ता सांभाळत असतील, तर ती आदर्श शाळा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

पण कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वीसचा आकडा याच नियमांत आहे, पण तो शाळा स्थापन करताना परिसरात किती मुले असावीत यासाठी. चालू शाळेला कुलूप लावण्याचे ते हत्यार नव्हे. जिथे वस्ती लहान आहे आणि शाळा नाही, तिथे मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करण्याची जबाबदारीही नियमांनी सरकारवरच टाकली आहे.

साडेबारा मुलांची शाळा मोडायला कागदावर एक सही पुरते. पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेत ती साडेबाराच्या साडेबारा पोहोचतात का, हे मात्र कुणी मोजत नाही. मुलगे सायकल मारत जातील. सातवीतली मुलगी एकटी ओढा ओलांडून जाणार का? दुसरीतल्या मुलाला रोज कोण सोडणार? पहिल्या महिन्यात गाडी येते, तिसऱ्या महिन्यात कंत्राटदाराचे बिल थकते आणि गाडी बंद होते, असे घडले तर दाद कुठे मागायची? अशा वेळी गळणाऱ्या मुलासाठी तयार उत्तर म्हणून 'घरबसल्या शिक्षण' पुढे केले जाईल, ही आमची खरी भीती आहे. शाळा बंद करणे आणि दूरस्थ शिक्षण वाढवणे या दोन वेगळ्या बातम्या वाटतात. वस्तीवरून पाहिले की ती एकच बातमी दिसते.

मुक्त विद्यालय: दार की पळवाट?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची सुरुवात १९८९ ची. महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ काढले. त्यातून पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या समकक्ष परीक्षा देता येतात. पाचवीच्या परीक्षेसाठी किमान वय दहा आणि आठवीसाठी तेरा ठेवले गेले. याशिवाय दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुक्त व दूरस्थ शालेय शिक्षणाचा विस्तार करायचे ठरवले आणि तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष स्तरांचा त्यात उल्लेख केला.

सतराव्या वर्षी गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाला दहावी द्यायची असेल, तर मुक्त विद्यालय हे त्याच्यासाठी उघडलेले दार आहे. दिव्यांग मुलांना, खेळाडूंना, कलाकारांनाही त्याचा उपयोग होतो. पण दहा वर्षांचे मूल नियमित शाळेऐवजी मुक्त विद्यालयात का असावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेले नाही. त्या वयाचे मूल शाळेत नसेल तर ते एकतर कामावर असते, भावंडे सांभाळत असते किंवा ढोरांमागे असते. शाळेबाहेरचे मूल हे सरकारचे अपयश असते आणि त्याची नोंद होते. मुक्त विद्यालयात नाव घातले की ते मूल 'शिकणारे' ठरते. आकडा सुधारतो, मूल तिथेच राहते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के महिलांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाली होती. रोज शाळेत येणारी मुलगी अचानक यायची थांबली, तर निदान शिक्षकाच्या, मैत्रिणीच्या लक्षात येते. बालविवाहाची पहिली खबर अनेकदा हजेरीपटच देतो. 'ती घरूनच परीक्षा देणार आहे' असे सांगितले की हजेरीपटच राहत नाही. गावोगावी फिरताना '१७ नंबर भरलाय' हे उत्तर आम्ही मुलींच्याच बाबतीत अधिक ऐकतो, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मांडव पडलेला पाहतो.

शाळा ही केवळ धडे शिकण्याची जागा नाही, हे आपल्या समाजाइतके कुणाला माहीत आहे? तिथे दुपारचे जेवण मिळते. गणवेश, पुस्तके, मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळते. तिथे पाटलाचे पोर आणि आपले पोर एका बाकावर बसते. बसत नसेल तर त्याविरुद्ध तक्रार करायला कायदा आहे. बाबासाहेबांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले होते. एका पंगतीत आणि एका बाकावर बसण्याचा हक्क हा आपल्या लढ्याचा गाभा होता. घरच्या कोपऱ्यात मोबाईलसमोर बसलेल्या मुलाला कुणी बाजूला बसवत नाही, हे खरे. पण त्याच्या बाजूला बसायलाही कुणी नसते.

कोयत्याबरोबर निघालेली मुले

दूरस्थ शिक्षणाची सर्वात जास्त शिफारस ज्यांच्यासाठी केली जाते, ती म्हणजे स्थलांतरित कुटुंबांची मुले. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. पाच-सहा महिने म्हणजे शाळेच्या वर्षाचा अर्ध्याहून जास्त भाग. फडात पहाटे तोड सुरू होते, आईबाप दोघेही कोयता धरतात. पाचटाच्या खोपीत मूल एकटे असते, किंवा धाकट्याला सांभाळत असते. इथे मोबाईलवर अभ्यास पाठवणे म्हणजे खोपीला विजेचा दिवाही नसताना टीव्ही भेट देण्यासारखे आहे.

या मुलांसाठी योग्य उपाय कोणते, हे राज्याला माहीत नाही असे नाही. पूर्वी साखरशाळा चालल्या. हंगामी वसतिगृहे आहेत, ज्यात आजी-आजोबांकडे गावातच राहून मूल शाळा चालू ठेवू शकते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. शिक्षण हक्क कायद्याचे नववे कलम स्थलांतरित मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते, आणि पाचवे कलम सांगते की दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली.

म्हणजे योजना आहेत, कायदा आहे. कमी आहे ती अंमलबजावणीची. हंगामी वसतिगृहाची मंजुरी गाड्या निघून गेल्यावर आली तर तिचा काय उपयोग? हमी पत्रक शिक्षकाने द्यायचे असते, पण ज्या गावी कुटुंब जाते तिथल्या शाळेला आणि कारखान्याला त्याची कल्पनाच नसते. फड शाळेपासून लांब असतो आणि गाडी पाठवायची कुणी यावर कुणीच बोलत नाही. कारखाना ऊस वाहायला हजारो गाड्या लावतो. त्यांच्या तुलनेत मुलांसाठी एक गाडी हा खर्चाचा प्रश्नच नाही. तो कुणाची मुले मोजायची याचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी अंतर कसे कापले

आपल्या तरुणांकडून एक युक्तिवाद वारंवार येतो. "बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, मग आजच्या पोरांना मोबाईल असून का जमत नाही?" प्रेरणा म्हणून हे ठीक आहे. धोरण म्हणून ते चुकीचे आहे, आणि बाबासाहेबांच्या चरित्राशी विसंगतही आहे. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण त्या कष्टांच्या मागे एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेज होते, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती, कोलंबिया आणि लंडनची ग्रंथालये होती. संस्था होत्या म्हणून कष्टांना फळ आले, हे त्यांनी स्वतः ओळखले होते.

म्हणूनच हाती सामर्थ्य आल्यावर त्यांनी काय उभे केले ते पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ ची, आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होते १९२५ मध्ये सोलापूरला काढलेले वसतिगृह. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. नाव नोंदवणे म्हणजे शिक्षण नव्हे, हा मुद्दा त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी सरकारसमोर ठेवला होता. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. मराठवाड्यातल्या पोरांनी मुंबईला यावे किंवा घरी बसून टपालाने शिकावे, असे ते म्हणाले नाहीत. उच्च शिक्षणापासून दूर ठेवलेल्या त्या प्रदेशात ते कॉलेज घेऊन गेले. त्याआधी शाहू महाराजांनीही कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

या सगळ्यात एक सूत्र आहे. अंतर कापण्याची जबाबदारी संस्थेची, शासनाची. ती मुलाच्या माथी मारायची नाही. आजच्या धोरणाची पारख या एका कसोटीवर करता येईल.

आपण काय करू शकतो

पहिले, गावातली शाळा वाचवणे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतून तिथे कोण आहे, हे तपासा. अनेक गावांत नाव असते आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. समिती आणि ग्रामसभा यांचा लेखी ठराव असेल तर शाळा हलवणे सोपे राहत नाही. ठरावात रस्त्याचे अंतर, ओढा, बसची वेळ, मुलींची संख्या हे सगळे लिहा. कागदाला कागदानेच उत्तर द्यावे लागते.

दुसरे, शाळा एकत्र झालीच असेल तर पाठपुरावा. गेल्या वर्षी जुन्या शाळेत किती मुले होती आणि आज नव्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांतली किती आहेत, याची माहिती अधिकारात मागणी करा. वाहतुकीचे पैसे कुणाला मिळाले, तेही विचारा. मानव विकास कार्यक्रमाची बस तुमच्या तालुक्यात लागू असेल, तर तिचा मार्ग वस्तीवरून जावा आणि वेळ शाळेची असावी यासाठी आगाराकडे अर्ज करा.

तिसरे, स्थलांतराची यादी. दसऱ्याच्या आधी कोणती कुटुंबे जाणार, त्यांत किती मुले, कुणाला मागे ठेवता येईल, ही यादी गावातल्या दोन-तीन तरुणांनी केली तरी शिक्षकाला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करता येते. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा यांचे अर्ज भरून देणे हेही मोठे काम आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावचे लोक एकत्र येतात, ही यादी करायला त्याहून चांगला दिवस नाही.

चौथे, विहार. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे. दिवसातले बरेच तास त्याला कुलूप असते. तिथे संध्याकाळी दोन तास दिवा, सतरंजी, थोडी पुस्तके, एक सामायिक संच आणि अकरावी-बारावीत शिकणारी एक ताई किंवा दादा एवढे जमले, तर डिजिटल साहित्याचाही खरा उपयोग होतो. दीक्षावरचा तोच व्हिडिओ एकट्या मुलाने पाहणे आणि आठ मुलांनी ताईसोबत थांबवत, प्रश्न विचारत पाहणे यात फार फरक आहे. तंत्रज्ञान आपले शत्रू नाही. ते माणसाच्या हातात हवे, माणसाच्या जागी नको. पण विहारातली अभ्यासिका शाळेला पूरक आहे, शाळेचा पर्याय नाही. ती चांगली चालते म्हणून शाळेची गरज नाही, असे म्हणायची संधी कुणालाही देऊ नका.

पाचवे, मुक्त विद्यालयाचा योग्य वापर. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला शाळेतच बसवायचे, हा आग्रह धरा. वय उलटून गेले असेल तरी कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्याहून मोठ्यांसाठी मात्र मुक्त विद्यालयाचे अर्ज जरूर भरा. पण अर्ज भरून सोडून देऊ नका. परीक्षेपर्यंत त्यांच्यासोबत अभ्यासाला बसा. आणि सोळा वर्षांच्या मुलीचा १७ नंबर भरला जात असेल, तर ती शाळा का सोडते आहे हे तिला एकटीला विचारा.

शेवटचा मुद्दा राजकीय आहे. आपल्या आंदोलनांत स्मारके, नामांतरे, अत्याचाराची प्रकरणे यांवर आपण हजारोंनी रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवे. पण १४,७८३ शाळांच्या यादीवर आपल्या किती संघटनांनी तालुक्याच्या कचेरीत निवेदन दिले? जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत किती उमेदवारांना आपण वस्तीवरच्या शाळेबद्दल प्रश्न विचारतो? शाळा बंद होताना मोठा आवाज होत नाही. एके दिवशी फलक काढला जातो, बाक टेम्पोत भरले जातात आणि खोलीत ग्रामपंचायतीचे सामान येते. त्या टेम्पोच्या आधी तिथे पोहोचायचे असेल, तर तुमच्या गावच्या शाळेचा पट आज किती आहे, हे या आठवड्यात जाऊन पाहा.